मॉरिशस : नोंदवहीपासून तारेपर्यंत

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्येस, मुंबईहून विमानानें सहा-सात तासांच्या अंतरावर मॉरिशस नांवाचें एक चिमुकलें राष्ट्र आहे. क्षेत्रफळ सुमारें २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील दोन मोठ्या तालुक्यांएवढें; लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें नांव नवविवाहित दांपत्यांच्या सहलींच्या जाहिरातींत पाहिलें असेल. तेथील निळ्या पाण्याचें व शुभ्र वाळूचें वर्णन त्या जाहिराती आमच्यापेक्षां अधिक उत्साहानें करतात, तेव्हां तें काम आम्ही त्यांच्याकडेच सोंपवितों. आम्हांस तेथें ओढून नेलें तें निराळ्याच जिज्ञासेनें. उसावांचून ज्यास दुसरा आधार नव्हता असा एक दरिद्री देश दोन-तीन पिढ्यांत तारांच्या व संगणकांच्या व्यवहारांत आफ्रिका खंडांत अग्रभागीं येऊन बसला. हें कसें घडलें, आणि त्याची किंमत कोणीं कशी दिली, हें प्रत्यक्ष पाहावें असें मनांत होतें.

आम्ही गेलों ते दिवस भाद्रपदाचे. ऊसतोडणी ऐन भरांत होती. रस्त्याच्या दोहों बाजूंस ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, जणूं कोणी बुरूज बांधावयास घेतले आणि अर्धेच सोडून दिले. हे दगड ज्वालामुखीचे. जमीन लागवडीस आणतांना आपल्या देशांतून नेलेल्या मजुरांनीं ते हातांनीं वेंचून रचले आहेत. १८३४ पासून पुढील सुमारें पाऊणशें वर्षांत साडेचार लाखांवर हिंदी माणसें करारानें या बेटांत आणलीं गेलीं. त्यांत बिहारकडील व मद्रासकडील लोक बहुसंख्य; परंतु मुंबई बंदरांतून कोंकणांतलीं, विशेषतः रत्नागिरीकडचीं माणसेंही गेलीं, आणि त्यांचे वंशज आजही स्वतःस मराठी म्हणवितात. घरीं मात्र ते, बहुतेक सर्व मॉरिशसवासीयांप्रमाणें, क्रेओल बोलतात. मराठी शाळेंत शिकतात, आणि गणपतीपुढें झाकरी नाचतात. आपल्या कोंकणांतील जाखडीच ती. आमचें यजमानपद अशाच एका वृद्ध मराठी शिक्षकांनीं पत्करलें होतें. त्यांची मराठी थेट क्रमिक पुस्तकांतली, एकही शब्द इकडचा तिकडे न झालेली. आमच्यासारख्या जुन्या मास्तरास ती ऐकतांना परम संतोष होई.

१९६१ मध्यें जेम्स मीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें या बेटाविषयीं एक अहवाल लिहिला. लोकसंख्या बेसुमार वाढते आहे, ऊस एके ऊस, धंदा दुसरा नाहीं. तेव्हां या बेटाचें भवितव्य कांहीं बरें दिसत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष. मीडसाहेब सामान्य पंडित नव्हते. पुढें १९७७ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९६८ मध्यें देश स्वतंत्र झाला तेव्हां हें भविष्य त्याच्या कपाळीं लिहिलेलेंच होतें म्हणावयाचें. पण १९७० मध्यें निर्यातीसाठीं माल करणाऱ्या कारखान्यांस सवलती देण्याचा कायदा झाला, आणि विणलेले कपडे शिवून युरोपास पाठविण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. साखरेस युरोपांत ठरलेला चढा भाव मिळत होता, कपड्यांस ठरलेला वाटा मिळत होता. घर चालूं लागलें. २००४ च्या अखेरीस कपड्यांच्या व्यापाराची ती जागतिक वाटणी संपली, आणि २००६ पासून युरोपानें साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानें ३६ टक्क्यांनीं उतरविला. दोन्ही खांब एकदम हलले. परंतु या लोकांनीं पाणी गळ्याशीं येईपर्यंत वाट पाहिली नव्हती, हें त्यांच्या राज्यकर्त्यांच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. तिसऱ्या खांबाचा पाया त्यांनीं आधींच खणून ठेवला होता.

१९८८ मध्यें संगणकाच्या प्रसारासाठीं कायदा करून एक राष्ट्रीय मंडळ स्थापलें गेलें. त्या काळीं आमच्या शाळेंत संगणक हा शब्द केवळ वर्तमानपत्रांत वाचलेला होता. १९९४ च्या सुमारास सिंगापूरचा कित्ता गिरवून बंदरावरील जकातीचे कागद तारेनें पाठविण्याची व्यवस्था झाली. ज्यास कधीं जकातीच्या कचेरींत बसावें लागलें आहे त्यासच या सुधारणेची थोरवी कळेल. पूर्वीं व्यापाऱ्याचा माणूस कागदांची चळत काखोटीस मारून या मेजावरून त्या मेजाकडे हिंडे, एका शिक्क्यासाठीं सकाळ जाई, दुसऱ्यासाठीं दुपार. आतां व्यापारी आपल्या पेढीवर बसून अर्ज धाडतो, आणि तो अर्ज स्वतःच सर्व मेजांवरून फिरून येतो. माल धक्क्यावर कुजत नाहीं, आणि शिक्केवाल्याच्या हातावर कांहीं ठेवण्याचा प्रसंगही कमी येतो. ज्या देशास खाण्याचें धान्यही बाहेरून आणावें लागतें, त्यास बंदरावरचा एकेक दिवस मोलाचा.

आमच्या मनांत मात्र सर्वांत अधिक भरली ती २००० मध्यें सुरू झालेली गोष्ट. बसगाडींत संगणक बसवून ती गाडी गांवोगांव हिंडवावयाची, देवळासमोर, बाजाराच्या चौकांत उभी करावयाची, आणि जो येईल त्यास, मग तो पोरगा असो कीं मासे विकणारी म्हातारी असो, यंत्रास हात लावूं द्यावयाचा. आमचे यजमान सांगत होते कीं पहिल्या दिवशीं बाया गाडीच्या पायरीशीं चपला काढून आंत जात. सरस्वतीच्या ठिकाणीं चपला काढाव्या हें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें. सरकारी धोरणाचीं जाडीं जाडीं पुस्तकें आम्ही चाळलीं. पण त्या सर्वांपेक्षां ही गाडी आम्हांस मोठी वाटते. विद्या गरजूच्या दाराशीं गेली पाहिजे, हें तत्त्व आपल्या फिरत्या वाचनालयांनींही आचरिलें होतें. आपल्याकडे तीं पुढें किती टिकलीं, तें वाचक जाणतातच.

२००१ मध्यें दूरसंचाराचा कायदा झाला, २००३ मध्यें संगणकावरील गुन्ह्यांचा, आणि २००४ मध्यें माणसाच्या खासगी माहितीच्या रक्षणाचा. या शेवटच्या विषयावर आपल्या देशांत स्वतंत्र कायदा होण्यास २०२३ साल उजाडावें लागलें, हें येथें नमूद करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. २००२ मध्यें समुद्रतळावरून काचतंतूंची तार आली. ही तार दक्षिण आफ्रिकेहून निघून रेयूनियों व मॉरिशस बेटांस स्पर्श करीत आपल्या कोचीस येते आणि तेथून मलेशियांतील पेनांगास जाते. लांबी सुमारें १३,५०० किलोमीटर. ज्या समुद्रांतून मजुरांचीं गलबतें आठवडेच्या आठवडे हेलकावत गेलीं, त्याच्याच तळाशीं आज शब्द पापणी लवण्यापूर्वीं पोहोंचतो.

तार येण्याचें हें पहिलेंच भाग्य नव्हे. पहिला टेलिफोन या बेटांत १८८३ मध्यें वाजला, आणि १८९३ मध्यें झांजिबारहून सेशेल्समार्गें समुद्री तारायंत्र आलें. १९०१ मध्यें दर्बान ते ऑस्ट्रेलिया अशी जी तार घातली गेली ती मॉरिशसहून याच राष्ट्रांत मोडणाऱ्या रॉड्रिग्ज नांवाच्या लहान बेटावरून पुढें गेली. गंमत अशी कीं याच रॉड्रिग्जवासीयांस नव्या युगाची काचतंतूंची तार मिळण्यास २०१९ साल लागलें. तोंपर्यंत त्यांचें सर्व बोलणें उपग्रहाच्या मेहेरबानीवर चालत असे. १९०१ ची तार साम्राज्याच्या सोईसाठीं होती, वाटेंत बेट लागलें म्हणून तें जोडलें गेलें. बेटासाठीं म्हणून तार घालावयाची तर ती लांबणीवर पडते.

राजधानी पोर्ट लुईहून एबेन येथें आम्ही नव्या रेल्वेनें गेलों. ही रेल्वे २०१९ पासून धावूं लागली, भारताच्या अर्थसाहाय्यानें व आपल्याकडील एका कंपनीच्या हातून बांधली गेली, आणि २०२३ पासून तिची एक शाखा एबेनवरून जाते. एबेन म्हणजे आबनूस. आबनुसाचीं झाडें डच लोकांनीं तोडून नेलीं, मग ऊस आला, आणि आतां उसाच्या जागीं काचेचे मनोरे. भारत सरकारनें सवलतीचें कर्ज दिलें आणि २००४-०५ च्या सुमारास बारा मजल्यांचा पहिला मनोरा उभा राहिला. आज भोंवतीं बँका, विमा कंपन्या, हिशेबनिसांच्या पेढ्या यांची गर्दी आहे. अजून कोठें कोठें दोन मनोऱ्यांमधून मागचा ऊस दिसतो.

यजमानांची एक जुनी विद्यार्थिनी तेथें एका कचेरींत कामास आहे. सुटीच्या वेळांत ती आम्हांस भेटावयास खालीं आली. तिचें काम असें कीं फ्रान्समधील एखाद्याच्या घरचा टेलिफोन बिघडला कीं तो जी तक्रार करतो, ती ऐकून घ्यावयाची व समजूत घालावयाची. कचेरींतील घड्याळ पॅरिसची वेळ दाखवितें. मॉरिशसची मुलें इंग्रजी व फ्रेंच दोन्ही शाळेंत शिकतात, आणि पॅरिसच्या व तेथील घड्याळांत दोन-तीन तासांचेंच अंतर. एवढ्या दोन गोष्टींवर हा सारा धंदा उभा आहे. आम्हीं विचारलें, "बाई, दिवसभर परक्यांचा राग ऐकून कंटाळा येत नाहीं का?" ती म्हणाली, "गुरुजी, राग माझ्यावर नाहीं, टेलिफोनवर आहे. आणि संध्याकाळीं सहाला मी तो तेथेंच ठेवून घरीं जातें."

हा नवा मळाच आहे, असें म्हणणारे तेथें पुष्कळ भेटतात. भाव पूर्वीं लंडनांत ठरे, आतां पॅरिसमध्यें ठरतो, आणि तक्रारी ऐकण्याचें काम यंत्रेंच करूं लागलीं तर एके दिवशीं या मुलींस घरीं बसावें लागेल. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. तरीही ही उपमा आम्हांस पुरती पटत नाहीं. जी मुलगी नोकरी सोडण्याची चिठ्ठी लिहून दुसऱ्या मनोऱ्यांत जाऊं शकते, ती पांच वर्षांच्या कराराच्या बेडींतल्या आपल्या पूर्वजाहून निराळी आहे. निराळी किती, तें दुसऱ्या दिवशीं मोका येथें कळलें.

मोका येथें भारत व मॉरिशस या दोन्ही सरकारांनीं मिळून स्थापिलेली महात्मा गांधी संस्था आहे. तेथें मराठीही शिकविली जाते. परंतु आम्ही गेलों होतों तेथील दप्तरखाना पाहण्यास. बेटावर उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद ज्या वह्यांत झाली त्या वह्या येथें जतन केल्या आहेत. क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, गांव, अंगावरील खूण. आणि १८६० नंतरच्या दशकांपासून छायाचित्रही. गांवांचीं नांवें कारकुनानें कानास जशीं ऐकूं आलीं तशीं लिहिलीं आहेत. रत्नागिरीचें 'रटनाघेरी' झालेलें आम्हीं पाहिलें. एका छायाचित्रांतला मुंडासें बांधलेला पंचविशीचा तरुण इतका गुहागर-दापोलीकडचा दिसत होता कीं त्यास हांक मारावी.

चाळीस वर्षें शाळेचें जनरल रजिस्टर ज्यानें सांभाळलें आहे त्यास अशा वह्यांविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. वहींतली एक ओळ माणसास साठ वर्षांनींही आपलें वय सिद्ध करून देते. पण या वह्यांचें काम तेवढेंच नव्हतें. १८६७ च्या कायद्यानें करार संपलेल्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगावा लागे. तो विसरला, भिजला, हरवला, तर शिपाई त्यास भटक्या ठरवून तुरुंगांत टाकी. नवा परवाना करावयाचा तर फी, आणि तिच्यापायीं मजुरी बुडे. १८७१ मध्यें आदोल्फ द प्लेवित्झ नांवाच्या एका मळ्याच्या व्यवस्थापकानें नऊ हजारांहून अधिक मजुरांचा अर्ज सरकारकडे पाठविला; गोऱ्या समाजानें त्याचा छळ केला; पण अखेर १८७२ मध्यें चौकशीसाठीं रॉयल कमिशन नेमावें लागलें. 'माहितीप्रधान समाज' हा शब्द नवा असेल. ज्याच्याविषयीं सरकारास सर्व कांहीं ठाऊक आहे, पण सरकारविषयीं ज्यास कांहींच ठाऊक नाहीं, असा माणूस या बेटानें दीडशें वर्षांपूर्वीं पाहिला आहे.

म्हणूनच पुढील हकीकत आम्हांस वर्तमानपत्रांतल्या इतर बातम्यांसारखी वाटत नाहीं. २०१३ मध्यें सरकारनें नवें ओळखपत्र काढलें व त्यासाठीं प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे मागितले. कांहीं नागरिक न्यायालयांत गेले. २०१५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें निवाडा दिला कीं ठसे घेणें सार्वजनिक हितास धरून आहे, परंतु ते एका ठिकाणीं सांठवून ठेवणें राज्यघटनेस धरून नाहीं. २०१६ मध्यें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलानें ठसे घेणें वैधच ठरविलें. (स्वतंत्र देशाचें अखेरचें अपील अजून लंडनास जातें हें आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल, मॉरिशसच्या लोकांस त्यांत एक प्रकारचा आधार वाटतो.) २०२१ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनें मात्र मत दिलें कीं कार्डावरचा ठसा चोरीस जाण्यापासून पुरेसें संरक्षण नसल्यामुळें खासगीपणाच्या हक्काचा भंग झाला. त्याच वर्षीं दूरसंचार नियामकानें अशी योजना चर्चेस मांडली कीं समाजमाध्यमांवरील सर्व लिखाण आधीं सरकारी यंत्रांतून जावें व तेथें त्याची गुप्त लिपी उकलली जावी. म्हणजे गांवच्या पोस्टमास्तरानें प्रत्येक पाकीट वाफेवर धरून उघडावें व मग पोंचवावें! देशांतून व बाहेरून ओरड झाली, आणि ती योजना कायद्यांत उतरली नाहीं.

त्यापुढील प्रकरणांत आपलेंही नांव येतें. २०२२ मध्यें तेथील मुख्य दूरसंचार कंपनीच्या प्रमुखानें राजीनामा दिला, आणि दक्षिण किनाऱ्यावर जेथें समुद्री तार जमिनीवर येते तेथें परक्या माणसांकडून तारेंतील माहिती चोरून पाहणारें यंत्र बसवूं देण्यासाठीं आपल्यावर पंतप्रधानांनीं दडपण आणलें, असा आरोप केला. पंतप्रधानांनीं तो नाकारला. केवळ सुरक्षेसाठीं पाहणी करावयाची होती, आणि तिच्यासाठीं भारताकडून तज्ज्ञ मागविले होते, असें त्यांनीं सांगितलें. खरें काय याचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. पण कर्ज आपलें, रेल्वे आपली, मनोरा आपला, म्हणून त्या देशांत अभिमानानें हिंडणाऱ्या आमच्यासारख्या हिंदी माणसास, चहाच्या दुकानांत तो विषय निघाला कीं खालीं पाहावें लागे. तें ठिकाण, बे द्यु जाकोते, आम्हीं पाहिलें. तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. निळा उपसागर, एक लहान खडकाळ बेट, कोळ्यांच्या होड्या. तार वाळूखालून कोठून जाते तें कोणासही दिसत नाहीं.

२०२४ च्या ऑक्टोबरांत, निवडणुकीच्या तोंडावर, राजकारणी, पत्रकार, वकील अशा अनेकांचीं टेलिफोनवरील संभाषणें कोणा अज्ञातानें समाजमाध्यमांवर उघड केलीं. देशभर खळबळ माजली. १ नोव्हेंबर रोजीं सरकारनें आज्ञा काढली कीं निवडणूक उरकेपर्यंत, म्हणजे ११ तारखेपर्यंत, समाजमाध्यमें बंद ठेवावीं. ज्या राष्ट्रानें घरोघर काचतंतू नेल्याचा डांगोरा पिटला होता, त्यानेंच एका रात्रींत त्याची चावी फिरविली. दुसऱ्याच दिवशीं ही आज्ञा मागें घ्यावी लागली. १० नोव्हेंबरास मतदान झालें आणि विरोधी पक्षांच्या आघाडीनें ६२ पैकीं ६० जागा जिंकल्या. महागाईचाही त्यांत वांटा होता. पण आमचे यजमान, जे राजकारणावर बोलतांना आवाज हळू करतात, त्या दिवसाविषयीं मात्र मोठ्यानें बोलले: "गुरुजी, आमची नात कॅनडांत शिकते. तिच्याशीं रोज रात्रीं बोलणें होतें. त्या रात्रीं झालें नाहीं. माझ्या पत्नीनें कधीं राजकारण काढलें नव्हतें. सकाळीं तिनेंच काढलें."

मोकाच्या त्या दप्तरखान्यास अलीकडे नवें महत्त्व आलें आहे. २०२४ च्या मार्चमध्यें भारताच्या राष्ट्रपति मुर्मू तेथें गेल्या असतां, मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या हिंदी वंशाच्या लोकांस भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचें कार्ड मिळूं शकेल असें जाहीर झालें. त्यासाठीं पूर्वज भारतांतून आला हें दाखवावें लागतें, आणि तें दाखविणारी ओळ त्या जुन्या वह्यांतच आहे. ज्या नोंदीच्या बळावर शिपाई मजुरास रस्त्यांत अडवीत असे, तीच नोंद आतां पणतूस रत्नागिरीची वाट मोकळी करून देते. आम्ही गेलों त्या दिवशीं बाहेरच्या बांकावर उताऱ्यासाठीं तीन कुटुंबें बसलीं होतीं. एका म्हातारीच्या मांडीवर डब्यांत मोदक होते, कारकुनासाठीं आणलेले.

आमच्या यजमानांचाही अर्ज होता. खिडकीवरील मुलीनें पूर्वजाचा क्रमांक विचारला, तो त्यांनीं क्षणाचाही विचार न करतां तोंडपाठ सांगितला. लहानपणीं आजीनें पाढ्यांबरोबर घोकून घेतला होता म्हणे. मग तिनें त्यांच्या स्वतःच्या ओळखपत्राचा क्रमांक विचारला. त्यासाठीं मात्र त्यांस खिशांतून कार्ड काढून, चष्मा लावून पाहावें लागलें.